डोळे मिटून दिलेली परीक्षा

एका डोंगरउतारावरच्या दाट जंगलात वानरांची एक टोळी राहत असे. बालमित्रांनो, तुम्ही हसाल, पण त्या टोळीची स्वतःची शाळा होती. शाळेत विषय एकच, पाण्याची वाट. उन्हाळ्यात वरचा झरा आटला की टोळीला खालच्या डोहावर जावे लागे, आणि जमिनीवर तर बिबट्या टपलेला असे. म्हणून जायचे ते झाडाझाडांवरून. एक म्हातारी वानरीण पोरांना ही वाट शिकवी; सगळे तिला बाई म्हणत. "मोहावरून जांभळावर, जांभळावरून उंबरावर, उंबरावरून करंजावर, करंजाखाली पाणी," असे सगळा वर्ग सकाळ-संध्याकाळ घोकत असे.

परीक्षा मात्र डोळे मिटून द्यावी लागे. त्यालाही कारण होते. फार पूर्वी एक पिल्लू उडी मारताना खाली पाहून घाबरले आणि हात सुटून पडले. बाईंनी त्याचा इतका धसका घेतला, की त्यांनी ठरवून टाकले, डोळेच मिटले तर भीती वाटायचा प्रश्नच नाही. पुढे पुढे गंमत अशी झाली, की ज्या झाडावर उडी मारायची त्या झाडाकडे पाहणे म्हणजे कॉपी करणे असे सगळे मानू लागले. एक चिमुरडी वानरी तर दर परीक्षेत नापास होई, कारण तिला डोळे मिटून राहवतच नसे. एकदा तिने विचारले, "बाई, उंबर पडला तर कुठे उडी मारायची?" बाई म्हणाल्या, "तो माझ्या आजीच्याही आधीपासून उभा आहे. आणि हे परीक्षेला नाही." वर्ग खो खो हसला.

परीक्षा झाली, निकाल लागला. मग चैत्रात एकदा मोठे वादळ झाले आणि वाळवीने आतून पोखरलेला तो उंबर मुळासकट आडवा झाला. शाळा वर डोंगरावर, त्यामुळे कोणाला पत्ताच नाही. काही दिवसांनी झरा आटला आणि बाई वर्गाला घेऊन डोहाकडे निघाल्या. सर्वांत पुढे जायचा मान पहिला नंबर आलेल्या वानराचा. तो मोहावरून जांभळावर आला, समोर न पाहताच त्याने ऐटीत डोळे मिटले आणि उडी मारली. हात पसरले, तर हातात नुसता वारा. बिचारा थेट खाली करवंदीच्या जाळीत पडला आणि त्याचा पाय मुरगळला. आडव्या उंबराच्या सावलीत पहुडलेला बिबट्या उठून उभा राहिला.

मागची मुले जांभळावर डोळे मिटूनच थिजून गेली. ओठ मात्र चालूच होते, "जांभळावरून उंबरावर, जांभळावरून उंबरावर." बाईंच्याही तोंडून आधी तेच आले. मग त्यांनी डोळे उघडून खाली पाहिले. खाली त्यांचा लाडका विद्यार्थी काट्यांत विव्हळत होता आणि जन्मभर शिकवलेल्या पाठात त्याला वर काढणारी एकही ओळ नव्हती. मला तर त्या क्षणी बाईंचीच फार दया येते. त्या हळूच म्हणाल्या, "मुलांनो, पुढचं मला येत नाही. डोळे उघडा आणि काय दिसतं ते सांगा."

बाई आपली परीक्षा तर घेत नाहीत ना, अशी काहींना शंका आली. शेवटी चिमुरडी म्हणाली, "बाई, शेजारच्या ऐनाच्या झाडाची एक फांदी जाळीवर आली आहे. पण बारीक आहे, तुम्हाला पेलायची नाही. मी जाते." मग दुसऱ्यालाही कंठ फुटला. "बिबट्या काट्यांना बिचकतोय, बाई. तो वळसा घालून येणार." तिसरा म्हणाला, "त्या वळणाच्या अगदी वर आपल्या जांभळाची ही वाळकी फांदी आहे. पाडू का?"

"पाडा," बाई म्हणाल्या आणि वरची फांदी हातात धरून स्वतःच सगळा भार टाकत त्या वाळक्या फांदीवर नाचू लागल्या. फांदी धाडकन बिबट्यासमोर कोसळली आणि तो दचकून मागे सरला. तेवढ्यात चिमुरडी ऐनाच्या फांदीच्या टोकाशी पोहोचली. तिच्या भाराने फांदी वाकत वाकत जाळीपर्यंत आली. "धर," ती म्हणाली. त्याने फांदी घट्ट पकडली आणि रडत, लोंबकळत तो एकदाचा वर आला. मागून बिबट्याने झेप घेतली, पण त्याच्या वाट्याला फक्त करवंदीचे काटे आले. पुढची वाट मुलांनी एकमेकांना विचारत, फांद्या चाचपून पाहत शोधली आणि उन्हे कलायच्या आत सगळे डोहावर पोहोचले.

पोटभर पाणी प्यायल्यावर तो वानर बाईंजवळ येऊन बसला. बाई त्याच्या अंगातले काटे काढू लागल्या. तो रडवेल्या आवाजात म्हणाला, "बाई, माझं चुकलं कुठे? मी तर तुम्ही शिकवलं अगदी तसंच केलं."

"तुझं कुठेच चुकलं नाही, बाळा," बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "तू माझं सगळं ऐकलंस. चुकलं ते माझं शिकवणं."

दुसऱ्या दिवशी शाळा भरली, तेव्हा बाई मुलांना डोंगराच्या पलीकडच्या अंगाला घेऊन गेल्या. तिथे त्या स्वतःही कधी गेल्या नव्हत्या. "बाई, आता कुठे उडी मारायची?" मुलांनी विचारले.

"मलाही ठाऊक नाही," बाई म्हणाल्या. "आधी सगळे मिळून पाहू."

तात्पर्य : ठरलेली वाट मुलांना जरूर सांगावी, पण त्यांच्या वाट्याला येणारे जंगल आपल्या वेळेसारखेच असेल असे नाही, म्हणून पाहायला, विचारायला आणि मिळून मार्ग काढायला शिकवते तीच खरी शाळा.