चावडीच्या जाजमाचा पिळा

खूप जुन्या काळची गोष्ट. एका नदीकाठी एक गाव होतं आणि त्या गावाला धुण्याचं भारी वेड होतं. कपडे तिथं धुतले जात, पण ते काय, सगळीकडेच धुतले जातात. या गावात मास्तर पोरांना धुऊन काढत, चतुर मंडळी वाहत्या गंगेत हात धुऊन घेत, कुणी कुणाच्या हात धुऊन मागे लागे, आणि जरा वाजलं की शेजारणी अंगणात एकमेकींची धुणी धुवायला बसत. एवढं सगळं धुऊनही गाव इतर गावांइतकंच मळकं होतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

त्या गावात एक तांबट होता. तांब्या-पितळेची भांडी घडवण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. त्याच्या भट्टीला लागूनच कल्हईवाल्याची भट्टी. तांबटानं भांडं घडवायचं आणि कल्हईवाल्यानं त्याला आतून कल्हई लावायची, असं वीस वर्षं चाललं होतं. मैत्री अशी, की एकाच्या घरी भाकरी भाजल्याचा वास आला की दुसरा न बोलावता पाटावर येऊन बसे.

एकदा पाटलांच्या पुतणीचं लग्न निघालं. एक मोठं पितळी पातेलं घाईघाईनं तयार झालं, त्यात कढी केली आणि ती पितळेला लागून कळकली. पंगतीच्या पंगती पोट धरून बसल्या. जीव कुणाचा गेला नाही, पण नवरीचे आजोबा आठ दिवस अंथरुणाला खिळले. पातेलं रिकामं करून पाहिलं, तर आतली कल्हई कांद्याच्या सालीसारखी सुटून आलेली.

मग काय, तांबट म्हणाला, कल्हई कच्ची लावली. कल्हईवाला म्हणाला, भांडं घासूनच दिलं नव्हतं. दोघांनी वीस वर्षांतलं एकमेकांचं काय काय उकरून काढलं, ते ऐकायला गावानं कामधंदा सोडला. शेवटी पंचांनी सोमवारी निवाडा ठेवला. ज्याची चूक ठरेल त्याची भट्टी कायमची विझवायची आणि त्यानं बायकामुलांसह गाव सोडायचं.

आता तांबटाच्या मनातलं तुम्हाला सांगायला हवं, कारण त्यानं ते स्वतःच्या बायकोलाही सांगितलं नव्हतं. नवं भांडं भट्टीतून निघतं ते काळवंडलेलं असतं. चिंच आणि वाळू लावून ते लख्ख घासल्याशिवाय कल्हई धरत नाही. हे घासण्याचं काम दोघांपैकी ज्याला वेळ असेल तो करी. त्या दिवशी तांबटाला वेळ नव्हता. कल्हईवाला घासेलच, असं मनाशी म्हणून त्यानं पातेलं तसंच पुढे सरकवलं होतं. ही गोष्ट त्याला आत आत खात होती, आणि जितकी खात होती तितका तो चढ्या आवाजात भांडत होता.

त्या गावचा एक रिवाज होता. निवाड्याच्या आदल्या दिवशी भांडणाऱ्या दोघांनी चावडीचं जाजम नदीवर नेऊन धुवायचं. नीट धुतलं की नाही, ते गावची म्हातारी परटीण बघे. सगळे तिला मावशी म्हणत.

रविवारी सकाळी तांबट जाजम खांद्यावर घेऊन एकटाच घाटावर आला. त्या माणसाच्या शेजारी मी उभा राहणार नाही, एकटा धुतो, असं त्यानं मावशीला सांगितलं. वर आपण कसे धुतल्या तांदळासारखे आहोत, तेही ऐकवलं.

मावशी सुपारी कातरत होती. ती म्हणाली, “तांदूळ धुतलेलं पाणी कसं दिसतं, ते घरी बायकोला विचार. धू जा, कोण नको म्हणतंय?”

वीस हात लांबीचं जाड जाजम. नदीत टाकलं तसं ते पाणी पीत गेलं, जड झालं आणि धारेला लागलं. तांबट गुडघाभर पाण्यात ओढला गेला, मग कमरेइतक्या. सोडावं तर चावडीचं जाजम वाहून जातंय, धरावं तर आपणच जातोय. एवढ्यात ओढ अचानक हलकी झाली. कल्हईवाल्यानं दुसरं टोक पकडलं होतं. एकट्यानं जाजम धुऊन टाकायचं, हे मनाशी ठरवून तोही आला होता!

दोघांनी ते काठावर ओढलं, धोपटलं, खळबळलं आणि पिळायला घेतलं. पण एकाचं बघून दुसरा हात फिरवी, त्यामुळे सगळं जाजमच गरगर फिरे आणि पाण्याचा थेंब गळेना.

“एकमेकांच्या हाताकडं काय बघताय रे?” मावशी म्हणाली. “ज्यानं त्यानं आपल्या उजवीकडं पिळा.”

तसं केल्याबरोबर पीळ बसला आणि पाणी धो धो गळू लागलं. काळंकुट्ट पाणी. ते पायांवरून वाहताना तांबटाला राहवेना. खाली बघत तो म्हणाला, “पातेलं मी घासलंच नव्हतं. वाटलं, तू घासशील.”

कल्हईवाल्याचे हात थांबले. तो म्हणाला, “मला दिसलं होतं ते. आतून काळं होतं. पण वऱ्हाड दाराशी आलेलं. म्हटलं, चालून जाईल.”

दोघांचेही डोळे भरून आले. मावशीनं सुपारी तोंडात टाकली आणि म्हणाली, “टोक सोडू नका. अजून पाणी आहे त्यात.”

पण नदीवर बोलणं वेगळं आणि चावडीवर बोलणं वेगळं. सोमवारी सगळं गाव जमलं. भट्टी गेली, की पोरांना घेऊन कुठे जायचं, हे तांबटाला ठाऊक नव्हतं. तरी पाटलांनी विचारायच्या आतच तो उठला आणि घडलं ते सगळं सांगून म्हणाला, चूक माझी आहे. तो खाली बसतो न बसतो तोच कल्हईवाला उठला आणि तेच म्हणाला.

पंच गोंधळले. चूक दुसऱ्यावर ढकलणारे त्यांनी खूप पाहिले होते, पण चुकीवरून अशी ओढाओढ पहिल्यांदाच होत होती. एक पंच म्हणाला, मग दोन्ही भट्ट्या विझवा. तेव्हा नवरीचे आजोबा काठी टेकत उभे राहिले.

“आठ दिवस मी पडल्या पडल्या ऐकतोय, चूक याची, चूक त्याची,” ते म्हणाले. “माझी चूक, असं आज कुणीतरी म्हणालं. मला आत्ता बरं वाटलं. भट्ट्या पेटत्या ठेवा.”

पंचांनी मान डोलावली. त्याच दुपारी चावडीसमोर दोघांनी ते पातेलं मिळून घासलं, सगळ्यांदेखत त्याला नवी कल्हई लावली आणि त्यातच कढी उकळली. पहिली वाटी तांबट प्यायला, दुसरी कल्हईवाला. तिसरी आजोबांनी मागून घेतली आणि मग गाव पंगतीला बसलं. त्या दिवसापासून दोघांनी आतून-बाहेरून पाहिल्याशिवाय एकही भांडं भट्टीबाहेर गेलं नाही.

लहानथोरांनी मनाशी ठेवावं ते एवढंच: आपला डाग आपल्या तोंडानं सांगितला, की निम्मं धुणं तिथंच होतं.