झिरपा डोंगराची सुनावणी

राजे-महाराजांच्या काळातली गोष्ट. झिरपा नावाच्या डोंगराखाली कुंभारांचं एक गाव वसलं होतं. डोंगरातून बारा महिने झरे वाहायचे. गाव तेच पाणी प्यायचं आणि त्याच पाण्यात माती मळायचं.

एके दिवशी डोंगराच्या माथ्यावर तांबं सापडलं. राजधानीतल्या एका शेठनं खाणीसाठी राजाकडे परवानगी मागितली. खाण होणारच असं धरून प्रधानानं खजिन्याच्या पैशातून डोंगरापर्यंत रुंद रस्ताही बांधून टाकला.

पण त्या राज्यात जुना कायदा होता. जमीन खणण्याआधी तिथल्या माणसांना विचारायचं, आणि त्यांनी समजून उत्तर दिल्याशिवाय शिक्का मारायचा नाही.

म्हणून एक अधिकारी गावात आला. मांडव पडला. शेठच्या पंडितांनी लिहिलेला जाडजूड ग्रंथ त्यानं दरबारी भाषेत भराभर वाचला आणि मान वर करून विचारलं, "कोणाची हरकत?"

लोक एकमेकांची तोंडं बघू लागले.

"नाही ना? मग सुनावणी झाली."

तेव्हा मागे बसलेली भिवरा नावाची कुंभारीण उठली. तिची बहीण डोंगरापलीकडच्या गावात दिली होती. तिथे अशीच सुनावणी होऊन खाण सुरू झाली होती. आता तिथल्या विहिरीचं पाणी हिरवं झालं होतं, म्हशी त्याला तोंड लावत नव्हत्या, आणि बहीण दोन कोसांवरून घागरी आणत होती.

"झाली नाही साहेब, उरकली," भिवरा म्हणाली. "तुम्ही वाचलंत ते आम्हाला समजलं नाही."

"समजलं नाही म्हणजे हरकत नाही!"

"समजलं नाही म्हणजे समजलं नाही. तसंच लिहा."

अधिकाऱ्यानं इतरांकडे पाहिलं. एक म्हातारा उठला. "मलाही नाही समजलं." मग दुसरा उठला, मग बायका उठल्या. बघता बघता सगळा मांडव उभा राहिला. अधिकाऱ्याला शिक्का पेटीत ठेवून परत जावं लागलं.

गावानं राजाला निरोप धाडला. शेठकडे पंडित आहेत, दरबारात पंडित आहेत, आमच्याकडे कोणी नाही. आम्ही निवडू तो जाणकार आम्हाला द्या. तो डोंगर तपासेल आणि आम्हाला आमच्या भाषेत सांगेल. त्याचा खर्च खजिन्यातून करा.

ही बातमी कळताच शेठ स्वतः गावात आला. हसतमुख होता. पाटलाच्या ओट्यावर बसून म्हणाला, "एवढ्यासाठी महाराजांना कशाला त्रास? तुमच्या पंडिताचा खर्च मी देतो. सुनावणीला गावजेवण माझ्याकडून."

पाटलाला ते पटलं. "आयतं मिळतंय तर घ्यावं की!"

"नको," भिवरा म्हणाली. "शेठजी, तुमचं खाऊन आलेला पंडित तुमच्या खाणीला वाईट म्हणेल का? आणि म्हणाला, तर तुम्ही त्याला दुसऱ्या दिवशी ठेवाल का?"

शेठचं हसू मावळलं. "विचार कर बाई. तुमची मडकी माझ्याच पेढीवर विकली जातात."

"मडकी विकतो शेठजी. तोंड नाही विकत."

दुसऱ्या दिवसापासून मडकी न्यायला येणाऱ्या शेठच्या गाड्या थांबल्या. रंगवलेले रांजण, सुरया, पणत्या अंगणात तशाच पडून राहिल्या. भट्ट्या थंडावल्या. काही घरांत एकवेळचंच जेवण शिजू लागलं. पाणवठ्यावर बायका भिवराला ऐकू जाईल असं बोलायच्या, "हिच्या तोऱ्यापायी आमची पोरं उपाशी." भिवरा घागर भरून घरी यायची आणि दार लावून रडायची. पण शेठकडे जाऊ या असं मात्र ती कधी म्हणाली नाही.

अखेर राजा स्वतः आला. सोबत प्रधान होता.

"खजिना राज्याच्या कामासाठी असतो," प्रधान म्हणाला. "राज्याला विरोध करायला खजिन्यातून पैसे मागता?"

"विरोध करायला नाही, समजून घ्यायला मागतोय," भिवरा म्हणाली. "समजल्यावर कदाचित आम्ही हो म्हणू. आणि खजिना भरतो कोण? आम्ही भट्टीमागे पट्टी देतो. शेठच्या रस्त्याला त्यातून पैसे निघाले. मग आमच्या जाणकाराला का निघत नाहीत?"

"आज तुम्हाला दिलं तर उद्या प्रत्येक गाव मागेल!"

"मागू दे की. प्रत्येक गावचा डोंगर हवा असेल, तर प्रत्येक गावचं ऐकावंही लागेल."

प्रधान लालबुंद झाला. राजाच्याही कपाळावर आठी पडली.

"आणि तुमच्या जाणकारानं सांगितलं की खाणीनं काहीच बिघडत नाही, तर?" राजानं विचारलं.

भिवरानं मागे वळून गावाकडे पाहिलं. पाणवठ्यावरच्या बायका तिथेच उभ्या होत्या. त्यांतली एक पुढे आली. "तर तेही ऐकू, महाराज. पण आमच्या माणसाकडून ऐकू."

राजानं प्रधानाला हुकूम दिला, "खजिन्यातून खर्च द्या. कोणाला बोलवायचं ते गाव ठरवेल."

गावानं माती-पाण्याचं शास्त्र शिकवणाऱ्या एका विदुषीला बोलावलं. ती पावसाळाभर तिथे राहिली. म्हाताऱ्यांना बोलतं करायची, गुराख्यांबरोबर डोंगर चढायची. एका सकाळी तिनं पळसाची वाळवलेली फुलं उकळून केलेला घट्ट रंग माथ्यावरच्या एका भेगेत ओतला. खाण तिथेच व्हायची होती. दुसऱ्या दिवशी दुपारी पाणवठ्यावर आरडाओरडा झाला. झऱ्याला केशरी पाणी आलं होतं. पंडितांच्या ग्रंथात तर लिहिलं होतं की माथ्यावरचं पाणी डोंगराच्या पलीकडे उतरतं.

विदुषीनं गाव गोळा केलं. "तुमची एक भीती खोटी आहे," ती म्हणाली. "खाणीची धूळ तुमच्या शेतावर येणार नाही, वारा उलटा वाहतो. पण दुसरी भीती खरी आहे. माथा फोडला तर त्यातलं विष तुमच्या झऱ्यांत उतरेल."

पुन्हा सुनावणी भरली. राजा, प्रधान आणि शेठही आले होते. या वेळी मांडवात गप्प कोणी नव्हतं. कोणी झऱ्यांची वाट सांगितली, कोणी पंडितांना अडवून प्रश्न विचारले. पाटील उशिरा आला, पण त्यानंच सर्वांत मोठ्यानं विचारलं, "पाणी गेलं तर शेठजी, आम्हाला माती मळायला तुम्ही काय देणार?"

गावानं एकमुखानं नाही म्हटलं, आणि राजानं परवानगी नाकारली. पुढे कोणाचीही जमीन खणायची असेल, तर तिथल्या लोकांच्या जाणकाराचा खर्च खजिन्यातून होईल, असंही त्यानं जाहीर केलं.

शेठ तणतणत निघून गेला. त्याची पेढी गावाला कायमची बंद झाली. कुंभारांना दूरच्या बाजारांत डोक्यावरून मडकी न्यावी लागली, नवी गिऱ्हाइकं जोडेपर्यंत ते वर्ष ओढाताणीतच गेलं. पण झरे वाहत राहिले.

सुनावणीच्या त्या दिवशी गावातून निघताना प्रधान भिवराला म्हणाला, "महाराजांचे उपकार मान. पाया पड."

भिवरानं राजाला हात जोडून नमस्कार केला. "महाराजांनी न्याय केला, त्याचा मान ठेवते. पण उपकार कसले, प्रधानजी? पैसे आमचेच होते." आणि हाताला लागलेली माती झटकत ती भट्टी पेटवायला निघून गेली.

तात्पर्य: ज्यांच्या पायाखालची जमीन खणायची, त्यांना नुसतं विचारून भागत नाही. समजून उत्तर देण्याची ताकद त्यांना राज्यानंच पुरवायची असते, आणि ती मागताना कोणी मान खाली घालू नये.