मुक्या जिभेची राजकन्या

एकदा काय झालं, एका राजाला एकच मुलगी होती. तिचं नाव हेमकळा. चॉकलेट म्हणजे तिचा जीव की प्राण. मग राजानं काय केलं, तिच्यासाठी विहिरीएवढी कढई बसवली. शंभर माणसं फावड्यांनी ढवळायची. सकाळी चॉकलेट, दुपारी चॉकलेट. जेवायच्या आधीसुद्धा, तुमच्यासारखंच, बरं का!

मग एके दिवशी तिची जीभ मुकी झाली. म्हणजे बोलायची हो, पण चव म्हणून कळेना. गूळ तसाच, मीठ तसंच, कैरीही तशीच. मग तिनं खाणंच सोडलं. हातातल्या बांगड्या गळून पडायला लागल्या. 

लहान मापाच्या बांगड्या भरायला कासारीण आली. ती म्हणाली, "महाराज, डोंगरापल्याड तीन बायका चॉकलेट करतात. घरचीच झाडं, घरचाच पाटा. पण काय त्यांच्या हाताला चव आहे!"

मग राजा लेकीला मेण्यात घालून निघाला. पहिल्या घरी कोकोची फळं थेट झाडाच्या खोडालाच लागलेली, फणसासारखी. तिथली वडी हेमकळेनं तोंडात टाकली, आणि मेण्यात समुद्राची गाज ऐकू आली. समुद्र कुठे, तर शंभर कोसांवर! दुसऱ्या घरची वडी खाल्ली, तर मेणाभर आंब्याच्या मोहोराचा वास. तिसरं घर म्हाताऱ्या भागाबाईचं. तिची वडी तोंडात गेली, आणि काय सांगू बाळांनो, रानातले सगळे पक्षी एकदम गप्प झाले. हेमकळा म्हणाली, "गोड!" माझ्या अंगावर आत्ताही काटा आला बघा.

पण वडी विरघळली, तशी जीभ पुन्हा मुकी.

राजाला वाटलं, चव हातालाच आहे ना? मग हातच घेऊन जाऊ! असला शहाणा. तिघींना राजवाड्यात आणून म्हणाला, "बुडवा हात कढईत!" कढई निवली होती म्हणून बरं. बिचाऱ्यांनी कोपरापर्यंत हात बुडवले. चव काही उतरली नाही.

भागाबाई हात पुसत म्हणाली, "अहो महाराज, हात म्हणजे काय मिठाचा खडा आहे? बिया माझ्या घ्या. पण पोर तुमची, हात तुमचा लावा."

मग राजानं मुकुट काढून ठेवला. बिया केळीच्या पानांत आंबवल्या, उन्हात वाळवल्या, भाजल्या, एकेक सोलली. मग तीन दिवस पाट्यावर वाटत बसला. हाताला फोड आले, फुटले. आणि एवढं करून झालं किती? चिंचोक्याएवढी एक वडी!

ती त्यानं लेकीला दिली. कुणी केली, ते सांगितलं नाही. हेमकळेनं डोळे मिटले. ना समुद्र ऐकू आला, ना मोहोराचा वास आला. 

मग ती हळूच म्हणाली, "बाबा, ही तुम्ही केलीत." आणि म्हणाली, "मला भूक लागलीय."

राजा ढसाढसा रडला, आणि वरणभाताचा पहिला घास त्यानंच भरवला.

राजकन्या पोटभर जेवली, राजा सुखानं झोपला, आता तुम्ही झोपा. पाय पांघरुणात घ्या. नाही रे सुमंत, आता चॉकलेट नाही. डोळे मीट.