केरबाचा ओव्हन आणि पाहुण्यांचे आजोबा

एका गावात एक भोळा माणूस राहत होता. त्याचं नाव केरबा. बायको हौसा जवळपास असली की गाव त्याला भोळा म्हणायचं. ती नसली की दुसरा शब्द वापरायचं.

केरबात एक मोठा गुण होता. सांगितलेलं तो कधी विसरत नसे. ते कुठे वापरायचं, एवढंच त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं.

हौसाची धाकटी बहीण वैजू त्यांच्याकडेच राहायची. रविवारी तिला बघायला पाहुणे येणार होते. मुलगा वैजूला फोटोतच आवडला होता. पण त्या घरात शब्द चालायचा तो मुलाच्या आजोबांचा, आणि आजोबांनी आजवर बऱ्याच मुली नाकारल्या होत्या. आजोबांना दात नव्हते, पण नानकटाईचा भारी सोस होता. गावातल्या बायका नानकटाईचं पीठ मळून तालुक्याच्या बेकरीत भाजायला न्यायच्या आणि निम्मी करपलेली परत आणायच्या. हौसाने ठरवलं, वैजूची नानकटाई घरच्या ओव्हनमध्येच भाजायची. ओव्हनही साधासुधा नाही. विजेवर चालणारा, आत पंखा असलेला, लाकडी कपाटात बसवायचा.

शनिवारी इसाक फिटर आला आणि त्याने ओव्हन कपाटात बसवला.

"केरबाअण्णा, मागं हवा खेळायला जागा ठेवलीया," तो म्हणाला. "भिंतीला चिकटवायचं न्हाई."

केरबाने हे ध्यानात ठेवलं. इसाक चहा पीत असताना हौसा म्हणाली, "अवो, शिडी लावून माळ्यावरचा पितळी डबा काढा." केरबाने शिडी उभी केली. भिंतीला चिकटवली नाही. हवा खेळायला जागा ठेवली आणि वर चढला. डबा माळ्यावरच राहिला. केरबा खाली आला.

"आता एक काम ध्यानात ठेवा," इसाक निघता निघता म्हणाला. केरबा कंबर चोळत उभा राहिला. "नवी वस्तू हाय. पहिल्यांदा रिकामीच चालवायची. वास जाऊ द्यायचा. मग बाकीचं."

केरबाने हेही ध्यानात ठेवलं. संध्याकाळी ओव्हन रिकामा चालवला, वास गेला, आणि हौसाला वाटलं, चला, एक तरी काम सरळ झालं.

रविवारी सकाळी हौसाने चुलतभावाची नवी कोरी जीप मागून आणली. "फाट्यावर पाहुणे एसटीतनं उतरतील. त्यास्नी घेऊन या." केरबाला गाडी चालवता येत होती, हीच खरी अडचण होती.

फाट्यावर मुलगा, त्याचे आईवडील आणि आजोबा उन्हात उभे होते. आजोबांनी खास ठेवणीतला काळा कोट घातला होता. केरबाने सगळ्यांना वाकून नमस्कार केला. मुलाच्या वडिलांनी जीपचं दार उघडायला हात घातला.

"छे छे!" केरबा म्हणाला. "नवी वस्तू हाय. पहिल्यांदा रिकामीच न्यायची. वास जाऊ दे."

आणि गाडी वळवून तो निघाला. जाताना त्याने हॉर्नसुद्धा वाजवला.

"पाहुणे कुठायत?" हौसाने विचारलं.

"फाट्यावर."

"आणि गाडी?"

"ही काय, दारात. वास गेला बघ."

हौसाने कपाळावर हात मारून घेतला. नानकटाई तर नुकतीच ओव्हनमध्ये ठेवली होती. वैजू आतल्या खोलीत साडी नेसत होती, आणि बघायला येणाऱ्यांसमोर मुलीने आपणहून जायची पद्धत नाही. "मी वाटेवर बघून येते," हौसा म्हणाली. "तुम्ही इथं ध्यान ठेवा. मध्येच दार उघडायचं न्हाई, आतलं सगळं बिघडतं. काचेतनं बघत ऱ्हावा. बदामी रंग आला की मगच उघडा."

हौसा रस्त्याने गेली आणि पाहुणे पायवाटेने आले. त्यांनी दाराची कडी वाजवली.

केरबाने खिडकीच्या काचेतून बघितलं.

"घरात कोण हाय का?" मुलाच्या वडिलांनी विचारलं.

"हाय की."

"मग दार उघडा!"

"एवढ्यात न्हाई. मध्येच उघडलं की बिघडतंय." केरबाने काचेला नाक लावून एकेकाला न्याहाळलं. "बदामी रंग येऊ द्या."

पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले. ऊन रणरणत होतं. मुलगा बदामी झाला. त्याची आई बदामी झाली. आजोबा बदामीच्या पुढे जाऊन लालबुंद झाले. आता हे करपणार, म्हणून केरबा कडीला हात लावणार, इतक्यात हौसा धावत आली.

तिने पाहुण्यांना आत घेतलं. आजोबांना गारव्याला म्हणून ओव्हनच्या कपाटाशेजारी खुर्ची दिली, कारण छताच्या पंख्याचा वारा घरात तिथेच लागायचा. मग नवऱ्याला बाजूला ओढलं.

"अवो, कोण तापून आलं की आधी तांब्याभर गार पाणी द्यायचं! एवढी साधी रीत कळत न्हाई?"

रीत केरबाला पटली. हौसा पाहुण्यांना पाणी द्यायला वळली. इकडे काचेतून नानकटाई बदामी दिसली, म्हणून केरबाने ट्रे बाहेर ओढला. हात लावला. चांगलीच तापून आली होती. केरबाने तांब्या भरला आणि ट्रेवर ओतला. चर्र आवाज झाला. थोडं पाणी ओव्हनमध्येही सांडलं. नानकटाईचा लगदा झाला.

हौसाचे डोळे भरून आले. पण वास घरभर सुटला होता आणि आजोबा ताटकळले होते. शेवटी तिने तो लगदा वाट्यांत घातला, वर वेलची भुरभुरली आणि देवाचं नाव घेऊन वाट्या वैजूच्या हाती दिल्या.

आजोबांनी चमचाभर खाल्ला. मग वाटी संपवली. मग दुसरी मागितली.

"पोरी," ते वैजूला म्हणाले, "दात पडल्यापासनं मला सुखानं खाता येईल अशी नानकटाई पहिल्यांदा मिळाली. मला मुलगी पसंत हाय. मंडळी हात धुवून, म्हशी बघून येऊ द्यात. आल्यावर सुपारी फोडू."

वैजू लाजून हसली. मुलगाही हसला. माणसाने इथेच थांबावं, पण केरबा थांबणाऱ्यांतला नव्हता.

मंडळी परसात गेली. आजोबा उन्हातून चालून दमले होते, ते खुर्चीतच राहिले. केरबाने ओव्हनमधलं पाणी काढायचं मनावर घेतलं. बाजूचे स्क्रू काढले आणि ओव्हन पुढे ओढला. ओव्हन कलंडला. हौसाने धावत येऊन खांदा लावला, तो मागे ढकलला आणि मेन स्विच बंद केला.

"जे पुढं कलंडतंय, त्याला दोन्ही बाजूंनी स्क्रू मारून कपाटाला पक्कं करायचं!" ती धापा टाकत म्हणाली. "पडायची वाट बघत बसायचं न्हाई!"

केरबाने ओव्हनला दोन्ही बाजूंनी स्क्रू मारले. हौसा खूश होऊन परसात गेली. इसाकने दिलेले जास्तीचे स्क्रू केरबाच्या हातात उरले होते.

शेजारी आजोबांना डुलकी लागली होती. त्यांची मान पुढे झुकली. मग खांदे झुकले. मग सगळेच आजोबा पुढे कलंडायला लागले. म्हातारं माणूस पडलं तर सोयरीक मोडायची. केरबाने आजोबांना अलगद मागे कपाटाला टेकवलं आणि कोटाच्या दोन्ही खांद्यांतून स्क्रू मारले. आजोबांना ऐकू कमी यायचं आणि झोप मात्र चांगली लागायची.

मंडळी परत आली. हौसाने पाटावर सुपारी ठेवली. "उठा आबा," मुलाचे वडील म्हणाले.

आजोबा उठायला गेले. कपाट करकरलं. ते पुन्हा उठायला गेले. ओव्हनचं दार उघडलं आणि उरलंसुरलं पाणी त्यांच्या धोतरावर सांडलं. आजोबांनी एक जोराचा हिसका दिला आणि कोटातून सुटून सदऱ्यावर बाहेर आले.

"ह्या घरात सोयरीक?" ते गरजले. "चला रे!"

मंडळी निघाली. मुलाने दारातून एकदा मागे वळून बघितलं, पण आजोबांपुढे त्याचं काय चालणार? हौसा हातापाया पडत त्यांच्यामागे धावली. कोट कपाटाला लटकत राहिला.

केरबाने कोट तपासला. चूक त्याला लगेच समजली. स्क्रू आखूड होते.

मागे हुंदका ऐकू आला. वैजू त्याच खुर्चीत येऊन बसली होती. तोंड ओंजळीत झाकून रडत होती आणि रडता रडता पार पुढे कलंडली होती. केरबाचं काळीज कळवळलं. सख्ख्या मेहुणीच्या वेळी हयगय करून चालणार नव्हतं.

त्याने खिळ्यांचा डबा उपडा केला आणि लांब स्क्रू शोधायला घेतले.