तारेत न मावलेली हाक

रेडिओसाठी लोक गच्चीवर तारा ताणत, त्या काळची गोष्ट. केरोबाकाकांची तांब्याची लांबलचक तार बांबूला बांधलेली होती. रोज सकाळी दूरच्या बेटावरून त्यांच्या मित्राची हाक लांब लहरीवरून तिच्यात उतरायची, "केरोबा, आहेस ना रे?" आणि काका माईकवर हसून उत्तर द्यायचे.

तारेचं एवढ्यावर भागेना. "मला सगळ्या लहरी धरायच्यात!" काकांनाही तोच सोस.

"अगं, आखूड लहरींना आखूड तार लागते. एकदा पक्कडीने छाटली की पुन्हा वाढायची नाहीस," बांबू कळवळला.

नव्या लहरीसाठी काका दरवेळी तिला हातभर छाटत गेले. परके आवाज आले, गेले. एका सकाळी बेटावरची हाक आलीच नाही.

"मित्राने बोलावणं सोडलं का रे?" तारेने विचारलं.

"रोज बोलावत असेल," बांबू म्हणाला. "ती हाक मावेल एवढी तू उरली नाहीस."