बिघडलेला खण

एक वृद्ध, ज्ञानी शिंपी होता. रीतीप्रमाणे पुढे ‘फार प्राचीन काळी’ असे जोडायला हवे, पण हा काळ कालपरवाचाच आहे. शिंपीही दिसायला काही ज्ञानी वगैरे नव्हता. दात पडलेले, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. तालुक्याच्या त्या गावात त्याने ज्याची खोडी काढली नाही असा मनुष्य शोधून सापडला नसता. ऐन लग्नाच्या सकाळी नवरदेवाला ‘तुमचा सदरा तर मेहुणे घालून गेले’ असे गंभीरपणे सांगायचा, आणि तो रडकुंडीला आला की खुर्चीखालून पिशवी काढून द्यायचा. अशा माणसाला ज्ञानी का म्हणायचे, असे विचाराल. जरा दम धरा.

त्याची एक शिष्या होती. हात असा साफ, की तिने कापलेल्या कापडाची कड दुसऱ्यांदा बघावी लागत नसे. बाजारातल्या एका शेठजींनी तिला हेरले. शेठजी शिलाई मशिनी विकत. मशीन घेईल तिला घरबसल्या फोनवर ब्लाऊज शिवायला शिकवू, अशी त्यांनी पाटी लावली आणि शिकवायला या शिष्येला आपल्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसवले. रोज दुपारी, जेवणे उरकली की, ती टेबलावर कापड अंथरायची, स्टुलावर फोन बांधायची आणि आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरच्या बायकांना शिकवायची.

शिकवायची म्हणजे काय करायची? समोर फोनमध्ये काळे चौकोन. प्रत्येकात एक नाव, ना चेहरा ना आवाज. ही आपली मुंढा, बाही, गळा असे सांगत कापायची आणि शेवटी विचारायची, “समजलं का?” की लगेच चौकोनाचौकोनांतून अंगठे वर यायचे. सगळ्यांना सगळे समजलेले. असा विद्वान वर्ग काशीतसुद्धा भरला नसेल!

प्रथम तिला बरे वाटले. मग हळूहळू ती दिवस मोजू लागली. इतक्या दिवसांत एकीनेही शिवलेला ब्लाऊज दाखवला नव्हता. एकीलाही शंका आली नव्हती. पलीकडे कुणी ऐकत असेल, की फोन भिंतीला टेकवून भांडी घासत असतील? ती शिकवताना हसून बोले, पण तळहात घामाने असे भिजत की खडू निसटे.

त्यात शेठजी एक दिवस त्या खोलीत शिरले आणि सुपारी चघळत म्हणाले, “ताई, तुम्ही बोलता नि त्या अंगठे दाखवतात. एवढं तर रेकॉर्डिंग लावूनपण होईल की. रेकॉर्डिंगला सर्दी होत नाही, माहेरी जायचं नसतं.”

“पण शेठजी, त्या शिकतायत...”

“कुणी सांगितलं? अंगठ्यांनी?” शेठजी व्यापारी खरे, पण प्रश्न नेमका विचारून गेले. “रविवारी मी स्वतः वर्गात बसतो. जिवंत माणसाचा काही उपयोग दिसला तर ठीक, नाहीतर पुढच्या महिन्यापासून रेकॉर्डिंग.” आणि जाता जाता त्यांनी एक खण टेबलावर ठेवला. “हा कापा रविवारी. जांभळा, रेशमी काठाचा. बायकांना बघायला बरा.”

खण म्हणजे अरुंद पन्ह्याचे कापड. त्यात बरोबर एक ब्लाऊज निघतो, वर चिंधी उरत नाही. कात्री चुकली की संपले. शिष्येने तो खण उराशी धरला आणि तडक गुरूचे दुकान गाठले.

म्हाताऱ्याने चष्मा वर केला. “काय गं, तोंड असं का, काखेत उसवल्यासारखं?”

तिने सगळे सांगितले. सांगता सांगता डोळे भरून आले. “अण्णा, वर्ग गेला तर जाऊ दे. पण मला कळतच नाही, कुणी शिकतंय का. तुम्हीच सांगा, माझं चुकतंय कुठं?”

“तुझं कुठं चुकतं? तीच तर पंचाईत आहे,” म्हातारा म्हणाला आणि मिशीत हसला. “रविवारी खण मी कापतो. तू नुसती शेजारी उभी राहा.”

तिचा जीव भांड्यात पडला. अण्णांचा हात बघितला की शेठजींची सुपारी तोंडातच राहील, असे तिला वाटले. भोळी बिचारी! ज्याने जन्मभर नवरदेवांना रडवले, तो हिला सोडणार होता?

रविवार उजाडला. शेठजींचे तोंड एका चौकोनात भरून दिसत होते, फक्त त्यांचाच चेहरा उघडा. बाकी सगळा काळोख. शिष्येने सांगितले, “आज माझे गुरू खण कापून दाखवणार आहेत.” अंगठे वर आले.

म्हाताऱ्याने पाठ कापली, पुढचे भाग कापले. कात्री लोण्यातून जावी तशी. मग बाह्यांची पाळी आली. बाहीचा पुढचा मुंढा, म्हणजे खांद्याला जोडायची गोलाई, जास्त खोल असतो, मागचा कमी. म्हणून दोन बाह्या कापताना कापडाच्या सुलट बाजू समोरासमोर ठेवायच्या, म्हणजे एक उजवी निघते, एक डावी. पहिल्याच आठवड्यात शिकवायचा धडा हा. आणि म्हाताऱ्याने काय केले? दोन्ही तुकडे सुलट बाजू वर ठेवून एकावर एक रचले.

शिष्या हातभर अंतरावर उभी होती. तिने पाहिले, स्पष्ट पाहिले. ‘अण्णा, थांबा’ हे शब्द ओठांपर्यंत आले आणि तिथेच अडकले. गुरूला चारचौघांत कसे टोकायचे? शेठजी बघताहेत. कदाचित अण्णांची काही नवी रीत असेल. कदाचित आपल्यालाच नीट दिसत नसेल. ती असे घोकत राहिली आणि कात्री करकर करत पुढे गेली.

म्हाताऱ्याने दोन्ही बाह्या वर धरल्या. “समजलं का?”

अंगठे वर आले. शेठजींनी मान डोलावली. आणि काय सांगावे, शिष्येनेही मान डोलावली!

“वा!” म्हातारा म्हणाला. मग त्याने एक बाही डाव्या हातावर गुंडाळली, दुसरी उजव्या हातावर लावून पाहिली, पुन्हा काढली, उलटी केली, तर कापडाची उलट बाजू वर आली. त्याने टेबलाखाली वाकून पाहिले. “अरे, माझी उजवी बाही कुणी नेली? दोन्ही डाव्याच! शेठ, तुम्ही तर नाही ना खाल्ली सुपारीबरोबर?”

“अहो, माझा खण!” शेठजी ओरडले.

“गेला तुमचा खण. मी गाढव आहे, गाढव!” म्हाताऱ्याने कपाळावर हात मारून घेतला. “एवढ्या वयात दोन डाव्या बाह्या कापल्या. असा मूर्ख या वर्गात दुसरा कुणी नसेल.”

शिष्येला वाटले, संपले सगळे. मग कुठल्याशा चौकोनातून खुसखुस ऐकू आली आणि एक दबका आवाज म्हणाला, “आजोबा, मी आहे की.”

“कोण गं ती?”

“मी सुगंधा. माझ्यापण दोन्ही डाव्याच झाल्या. नवऱ्याला कळू नये म्हणून ब्लाऊज ज्वारीच्या कणगीत दडवलाय.”

“कणगीत?” दुसरी हसली. “माझा तर चुलीत गेला. दोनदा.”

“मला वाटायचं माझंच डोकं जड आहे,” तिसरी म्हणाली. “तुम्ही सगळ्याजणी अंगठा दाखवायचात, मग मीपण दाखवायचे.”

“मग विचारलं का नाहीस, भवाने?”

“तू का नाही विचारलंस?”

एकदम गलका झाला. कुणी टक्सच्या चुण्या कुठे घ्यायच्या विचारते, कुणाचा गळा घसरतो, कुणाची बाही काखेत काचते. कोपऱ्यातला एक चौकोन उजळला आणि वाकडा शिवलेला पिवळा ब्लाऊज पडद्यावर आला. मग दुसरा. शिष्येला कुणाला आधी उत्तर द्यावे कळेना. वर्ग संपायची वेळ होऊन गेली तरी कुणी फोन ठेवीना. शेठजी मात्र खणाच्या दुःखात होते.

बायकांचे चौकोन एकेक करून विझल्यावर शिष्या पुटपुटली, “अण्णा, तुम्ही मुद्दाम केलंत.”

“ते राहू दे. तू पाहिलं होतंस ना, कापड चुकीचं ठेवलेलं?”

तिने खाली पाहिले. “हो.”

“मग बोलली का नाहीस? माझ्यापासून हातभर लांब होतीस.”

“तुम्ही गुरू. शेठजी बघत होते. मला वाटलं, मीच चुकत असेन.”

म्हातारा प्रथमच हसला नाही. “मुली, हातभर अंतरावर तुझी वाचा गेली. त्या बाया तर आपापल्या घरात एकेकट्या. माझ्या दुकानात तू शिकलीस, तेव्हा शेजारची मुलगी बाही बिघडवायची, मी तिच्यावर ओरडायचो आणि तुम्ही बाकीच्या गालात हसत आपलं कापड चोरून सरळ करायचात. कितीतरी तिथेच शिकलात. या फोनमध्ये शेजारीण दिसत नाही, तिची चूक दिसत नाही. दिसतो फक्त तुझा न चुकणारा हात. त्या हाताला बघून प्रत्येकीला वाटतं, मीच तेवढी मठ्ठ. मग ती अंगठा दाखवते आणि दिवा मालवते.”

फोन अजून चालू होता. चौकोनातून शेठजी उत्साहाने म्हणाले, “हे झकास झालं! याचंच रेकॉर्डिंग लावू!”

“लावा की,” म्हातारा म्हणाला. “पण सुगंधाबाई रेकॉर्डिंगला सांगतील का, ब्लाऊज कुठं दडवलाय ते?”

शेठजींनी सुपारी गिळली. मग म्हणाले, “ताई, चालू ठेवा तुम्ही. खण मात्र यापुढं तुमचा तुम्ही आणा.”

दुसऱ्या दिवशी दुपारी शिष्या टेबलापाशी उभी राहिली, तेव्हा भीती गेली होती असे नाही; तळहात ओलेच होते. ती ब्लाऊजच्या कटोरीचे, म्हणजे छातीच्या गोल भागाचे, माप टाकू लागली. इतक्यात एका काळ्या चौकोनातून चाचरत आवाज आला, “ताई, रागावू नका. पण तुम्ही शिलाईसाठी पाव इंच सोडायला विसरलात.”

तिने पाहिले. खरेच विसरली होती, आणि या खेपेला मुद्दाम नव्हे. कान तापले. हात आपोआप फोन बंद करायला पुढे गेला आणि वाटेतच थांबला. तिने खडूची रेघ सर्वांसमोर पुसली.

“बरं झालं बोललीस,” ती म्हणाली. “आता तूच सांग, रेघ कुठून काढू?”