धवळ्या डोंगरावरची एकोणीस झुडपे

पूर्वी वेणुवती नगरीत अरिंदम राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्वाने तिथल्या एका वैद्यकुळात जन्म घेतला होता. त्याचे नाव सोमिल. दम्याने ज्यांचा श्वास कोंडतो अशा रोग्यांसाठी तो धवळीच्या मुळांचा लेह करीत असे. बोटभर लेह चाटून रोगी भिंतीला टेकून बसे, आणि घटकाभरात त्याच्या छातीतली शिट्टी थांबून तो प्यायला पाणी मागे. या लेहासाठी दूरदूरच्या गावांहून बैलगाड्या येत. स्वतः राजालाही लहानपणापासून दमा होता, आणि गेले वीस हिवाळे त्याने याच लेहावर काढले होते.

धवळी म्हणजे कमरेएवढे झुडूप. नगराच्या उत्तरेला एक डोंगर होता, तेवढ्या एकाच डोंगरावर ते उगवे. भाद्रपदात त्याला बारीक पांढरी फुले येत, कार्तिकात जांभळी फळे पिकत. औषध होते ते मुळात, आणि मूळ काढले की झुडूप मरे.

सोमिल तरुण असताना आचार्य वासभ यांच्याजवळ नऊ वर्षे शिकला. दर कार्तिकात आचार्य त्याला घेऊन डोंगरावर जात आणि पंधरा दिवस तिथेच मुक्काम करीत. वाट दाखवायला उंबरी नावाची वनवासी मुलगी पुढे चाले. ती सोमिलाच्याच वयाची होती आणि त्याला झाडांची नावे चुकली की हसत असे. आचार्यांची रीत ठरलेली होती. दहा झुडपे असतील तिथे एकच खणायचे, आणि तेही फळे पिकून गळाल्यावर. त्या दिवसांत निळसर करड्या रानपारव्यांचे थवे उतरत आणि फळे अख्खीच्या अख्खी गिळत. एकदा सोमिलाने टाळ्या वाजवून पारवे हाकलले. आचार्यांनी त्याचा हात धरला आणि म्हटले, की ते आपल्या आधीपासून इथे जेवायला येतात, त्यांचे पोट भरू दे. म्हाताऱ्या माणसाचे मन हळवे असते, एवढेच तेव्हा सोमिलाला वाटले.

आचार्य गेले. सोमिलाचे नाव झाले. दारात रोग्यांची रीघ लागली, तसा त्याला डोंगरावर जायला वेळ उरला नाही. मुळे टोपल्यांतून येऊ लागली. आधी एक खणणारा होता, मग अकरा झाले, मग चाळीस. मुळे नीट धुतली आहेत ना, वाळली आहेत ना, हे तो पाही. कुठून आणली आणि मागे काय राहिले, हे त्याने कधी विचारले नाही. अशी तीस वर्षे गेली.

मग एका वर्षी टोपल्या अर्ध्या आल्या. त्याच्या पुढच्या वर्षी करंगळीसारखी कोवळी मुळे आली, आणि त्यांचा लेह पातळ झाला. तिसऱ्या वर्षी खणणारे रिकाम्या हातांनी परतले. सोमिलाने घराच्या परसात बी पेरून पाहिले होते. शेणखत घातले, पाणी घातले, सावली केली. एकही कोंब वर आला नाही.

हिवाळा तोंडावर होता. राजाच्या औषधाचा साठा संपला हे कळताच कुंडक नावाच्या अमात्याने पाचशे माणसे कुदळी-पहारी देऊन तयार केली. डोंगर उभा-आडवा खणून काढा, असे त्याचे म्हणणे होते. सोमिलाने राजाकडे तीन दिवसांची मुदत मागितली. आधी मी स्वतः पाहून येतो, असे तो म्हणाला, आणि पायथ्याच्या पाड्यावर गेला. उंबरीचे केस आता पांढरे झाले होते. तिने त्याला ओळखले, पण ती हसली नाही.

"फार उशिरा आलास, सोमिला," ती म्हणाली.

दोघे चढू लागली. पहिल्या वळणावर एक सपाटी होती. तिथे आचार्य दुपारची विश्रांती घेत, आणि झुडपांच्या दाटीत त्यांना आडवे व्हायला जागा सापडत नसे. आता तिथे खड्डे होते आणि त्यांत मुरूम साचला होता. पुढच्या उतारावरही खड्डे. पावसाने त्या उताराची माती ओढ्यात नेली होती आणि खालचा झरा, ज्याचे पाणी ते ओंजळीने पीत, गाळाने बुजला होता. सोमिल प्रत्येक वळणावर थांबे. इथे एकदा उंबरी घसरून पडली होती, इथे आचार्यांची काठी हरवली होती. जागा ओळखू येत होत्या, पण त्या जागांवर काहीच उरले नव्हते.

वाटेत त्यांना दोन खणणारे भेटले. जेमतेम विशीतले गडी होते. सोमिलाने त्यांना विचारले, की एवढी मोठी रानं कशी संपली? ते गोंधळले. धवळी इथे कधी फार नव्हतीच, असे ते म्हणाले. त्यांच्या आठवणीत ती अशीच होती, कड्याकपारीला चार-दोन. बापाच्या वेळी थोडी जास्त असेल.

ते पुढे गेल्यावर उंबरी म्हणाली, "खोटं नाही बोलत ते. त्यांनी पाहिलंच नाही. पाहिलेले आता आपण दोघंच राहिलो. आपण मेलो की हा डोंगर पांढरा होता हेसुद्धा मेलं."

हे ऐकून सोमिल खाली बसला. आपल्या हातून किती लोकांना श्वास मिळाला याचा त्याला अभिमान होता. त्या प्रत्येक श्वासासाठी इथे एक खड्डा पडला होता, आणि तो कुणी बुजवला नव्हता.

माथ्याजवळच्या एका कपारीत, जिथे कुदळ फिरवायला जागा नव्हती आणि शेळीही पोचत नव्हती, तिथे त्यांना जिवंत धवळी सापडली. त्याने मोजली. एकोणीस झुडपे. फळांनी वाकलेली होती, पण त्यांच्या आसपास एकही रोप नव्हते. त्याने उंबरीला परसात फसलेल्या पेरणीची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, की नुसत्या पेरलेल्या बीला कोंब येत नाही. पारव्याच्या पोटातून पडते तेच बी रुजते, हे तिच्या आजीलाही ठाऊक होते. पण पारवे कुठून येणार? राजाच्या मुदपाकखान्यासाठी दहा वर्षे या रानात जाळी लागत होती. मेजवानीला पारव्याचे मांस नसले तर पाहुण्यांना मान दिला असे वाटत नसे.

तेव्हा सोमिलाला आचार्यांचा तो हात आठवला. टाळ्या वाजवणाऱ्या पोराचे मनगट त्यांनी किती हलके धरले होते.

एकोणीस मुळांत राजाचा एक हिवाळा निघाला असता. सोमिल बराच वेळ कपारीसमोर उभा राहिला. जो रोगी समोर आहे त्याला औषध द्यायचे, हा वैद्याचा धर्म. आणि जे अजून जन्मलेच नाहीत, ज्यांचा श्वास उद्या-परवा, शंभर वर्षांनी कोंडेल, ते कुणाचे रोगी? राजाला खोटे सांगणे सोपे होते. झुडूप उरलेच नाही, एवढे म्हटले की कुणी विचारले नसते. पण ज्या मौनाने डोंगर उजाड झाला, त्यातच हे आणखी एक मौन होईल असे त्याला वाटले. तो रिकाम्या हातांनी खाली उतरला.

सभेत त्याने जे पाहिले ते सगळे सांगितले. कुंडक म्हणाला, की वैद्याने मुळे स्वतःसाठी दडवली असणार, माणसे पाठवून आजच खणून आणावीत. राजाने त्याला थांबवले आणि सोमिलाला विचारले, "म्हणजे औषध आहे, आणि तू ते मला देत नाहीस?"

"आहे, महाराज. एकोणीस मुळं आहेत. ती खणली तर हा हिवाळा तुमचा सुखाचा जाईल, आणि त्यानंतर या पृथ्वीवर कुणालाच हे औषध मिळणार नाही."

"माझ्या प्राणापेक्षा तुला झुडूप मोठं?"

"झुडपांचा अपराधी मी आहे," सोमिल म्हणाला. "तीस वर्षं मी टोपल्या घेतल्या आणि डोंगराकडे पाहिलं नाही. शिक्षा द्यायची तर मला द्या. तोवर मी तुमच्या उशाशी बसेन. अडुळसा आहे, पिंपळी आहे, वाफ आहे. त्यांनी धवळीसारखा आराम पडणार नाही, हे आधीच सांगतो."

राजाचा चेहरा रागाने लाल झाला. तो बोलायला उठला, पण त्याच क्षणी त्याला खोकल्याची उबळ आली आणि श्वास कोंडला. सभा उठली. सेवकांनी त्याला गच्चीवरच्या मोकळ्या वाऱ्यात नेले. सोमिल कुणाची परवानगी न घेता मागोमाग गेला. त्याने राजाला पुढे वाकवून बसवले, पाठीवरून हात फिरवला, अडुळशाचा काढा घोटघोट पाजला, आणि आपला श्वास संथ ठेवून त्याला त्या लयीत श्वास घ्यायला सांगितले. कुंडक दाराशी उभा राहून आज्ञेची वाट पाहत होता. दुपार कलली तेव्हा कुठे राजाच्या ओठांचा निळेपणा ओसरला.

राजा उत्तरेकडे पाहत होता. एकेका शब्दावर थांबत तो बोलला.

"लहानपणी असाच दम लागला की आई मला याच गच्चीवर आणायची. कडेवर घेऊन तो डोंगर दाखवायची. म्हणायची, बघ, डोंगरावर दही सांडलंय. ते बघता बघता माझा श्वास मोकळा व्हायचा." त्याने काढ्याचा घोट घेतला. "आई गेल्यावर मी कितीदा इथून पाहिलं. मला वाटलं, आजारी पोराला तिनं काहीतरी खोटंच दाखवलं असेल. खरंच पांढरा होता तो?"

"होता, महाराज," सोमिल म्हणाला. "मी त्यातून चाललो आहे. भाद्रपदात आचार्य फुलं पाहायला न्यायचे, संध्याकाळी उतरायचो तेव्हा धोतर परागानं माखलेलं असायचं."

राजाच्या डोळ्यांत पाणी आले. त्याने कुंडकाला जवळ बोलावले आणि पाचशे माणसे माघारी पाठवायला सांगितली. त्याच दिवशी रानातली जाळी निघाली. राजाच्या ताटातून पारवा गेला, तसा हळूहळू सगळ्या नगराच्या ताटातून गेला. धवळीला कुदळ लावायची नाही, अशी आज्ञा झाली. खणणाऱ्यांना राजाने डोंगराचे राखणदार केले, आणि उंबरी त्यांना वाहून चाललेली माती दगडांच्या बांधांनी कशी धरायची ते शिकवू लागली.

तो हिवाळा राजाला फार जड गेला. त्यानंतरचे चारही तसेच गेले. दर मार्गशीर्षात सोमिल राजवाड्यात राहायला जाई. दोनदा राजाच्या जिवावर बेतले आणि दोनदा कुंडकाने त्या एकोणीस मुळांची आठवण काढली. राजाने होकार दिला नाही. सहाव्या हिवाळ्यात तो सोमिलाच्या हातांवर गेला. त्याच्या मुलाने आज्ञा तशीच ठेवली.

लेह बंद झाल्यावर सोमिलाच्या दारच्या गाड्या दुसऱ्या वैद्यांकडे वळल्या. लोक म्हणू लागले, की याच्या हातचा गुण गेला. अडुळशाचे काढे करीत तो म्हातारा झाला. पारवे आधी चार आले, मग काही वर्षांनी एक लहान थवा. उंबरी गेली त्या वर्षी कपारीखाली सहा रोपे उगवली होती आणि तिने ती बोटांनी चाचपून पाहिली होती, कारण तिला दिसत नव्हते. सोमिल शेवटचा डोंगरावर गेला तेव्हा पहिल्या उताराचा एक कोपरा तेवढा फुलला होता, एखाद्या अंगणाएवढा. तो तिथे दिवसभर बसून राहिला.

डोंगर पुन्हा पुरता पांढरा झाला तो त्याच्या मृत्यूनंतर पुष्कळ वर्षांनी. तोवर ही गोष्ट जाणणारे कुणी उरले नव्हते. नगरातले लोक भाद्रपदात गच्चीवर येऊन तो पाहत, आणि हा डोंगर पहिल्यापासून असाच आहे, असे मुलांना सांगत.

एवढी पूर्वजन्मीची गोष्ट सांगून शास्ता बुद्ध समोर बसलेल्या भिक्षूंकडे वळले. ते म्हणाले, "त्या वेळचा राजा अरिंदम म्हणजे आजचा आनंद. वाट दाखवणारी उंबरी ती उत्पलवर्णा. आचार्य वासभ हे सारिपुत्र, अमात्य कुंडक हा कोकालिक, आणि डोंगर राखणारे ते तुम्ही सर्व. वैद्य सोमिल मी होतो. हाताशी असलेले न घेता, ज्यांची तोंडेही आपण पाहणार नाही त्यांच्यासाठी मागे ठेवणे, हेही दानच आहे. त्या जन्मी मी दानपारमिता अशी आचरली."